मोजणीबाहेरचं पितळ

टाकीत हात घालण्याआधी मावशी अंगावरचा धातू मोजायच्या.

घड्याळ एक. अंगठी एक. कानातले दोन. केसांतल्या पिना तीन. वाचायचा चष्मा एक. प्रत्येक वस्तू काढून त्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवायच्या आणि शेवटी मोठ्याने आकडा सांगायच्या. "आठ." मग बाही खांद्यापर्यंत वर. काम झालं की हात कोरडा करून वस्तू एकेक अंगावर परत चढायच्या. "आठ." हा दुसरा आठ झाल्याशिवाय टाकीचं झाकण लागत नसे.

म्हणून सगळे त्यांना मोजणीमावशी म्हणायचे.

दवाखान्याच्या तळमजल्यावर डायलिसिसचा विभाग होता. बारा खुर्च्या, बारा मशीन. माझे वडील दुपारच्या पाळीला असायचे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास. त्यांना आणण्या-नेण्याचं काम माझ्याकडे होतं. साहित्यात एम. ए. करून मी घरी बसले होते, त्यामुळे रिकामी कोण, यावर घरात फारशी चर्चा झाली नाही.

विभागाची एक भिंत काचेची होती. त्या काचेला लागून, बाहेरच्या खोलीत, टाकी होती. चार फूट लांब, चारशे लिटर खारं पाणी, निळा उजेड. आत मासे, शंख, दोन कोळंब्या आणि प्रवाळ. खुर्चीवर पडलेल्या माणसालाही ती दिसायची आणि बाहेर वाट बघणाऱ्यालाही. पूर्वी जहाजावर काम केलेल्या एका आजोबांनी ती दिली होती. ते सहा वर्षं तिसऱ्या खुर्चीवर होते. "छताकडे बघून माणूस लवकर मरतो," असं म्हणून त्यांनी घरची टाकी इथे आणून बसवली आणि मावशींना शिकवलं. आजोबा गेले. त्यांनी लावलेलं पहिलं प्रवाळ मात्र होतं. चामड्यासारखं, पिवळट, तळहाताएवढं, वर बारीक बोटं. दिवसा ती बोटं उघडायची आणि पाण्याबरोबर हलायची.

टाकी हे मावशींचं खरं काम नव्हतं. त्या विभागाचं पाणी बघायच्या. डायलिसिसला फार शुद्ध पाणी लागतं. मागच्या खोलीत ते शुद्ध करणारं यंत्र होतं, पांढऱ्या नळ्यांचं जाळं होतं. रोज सकाळी सहाला मावशी तिथे जायच्या, पाणी तपासायच्या, वहीत आकडे लिहून सही करायच्या आणि दारात येऊन म्हणायच्या, "पाणी ठीक." त्यानंतरच पहिलं मशीन सुरू व्हायचं. टाकीलाही तेच पाणी लागायचं. मावशी त्यात समुद्री मीठ कालवायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "काय वाचतेस?"

"कविता."

"त्याने कुणाला काही होतं?"

"नाही."

"मग वाच. इथे निरुपद्रवी गोष्टी कमीच आहेत."

त्या दिवसापासून मी त्यांची 'एम. ए.' झाले. "काय एम. ए., बाबांचं वजन किती आज?" त्या अशाच बोलायच्या.

धातूचं मी विचारलं तेव्हा त्या हात पुसत म्हणाल्या, "खारं पाणी धातू खातं. सोन्याला काही होत नाही. चांगलं स्टील काही दिवस तग धरतं. लोखंड गंजून घाण करतं, पण वेळ देतं. तांबं आणि पितळ नाही देत. ते पाण्यात उतरतं आणि मग आतले पटापट जातात."

"मासे?"

"मासे सोसतात गं. कणा नसलेले आधी मरतात. शंख, कोळंबी, प्रवाळ."

काचेच्या दारातून बाबांचा आवाज आला. "आमच्या ऑफिसात उलटं होतं. कणा असलेलेच आधी गेले."

"तुम्ही कसे टिकलात मग?" मावशींनी विचारलं.

बाबा इतके हसले की नर्सला सुई धरावी लागली.

टाकीशेजारी एक पाटी होती. मावशींनी स्वतः लिहिलेली. 'काही पडलं तर लगेच सांगा. कोणी रागावणार नाही.' आणि खरंच रागावायच्या नाहीत. एकदा एका बाईचं कानातलं पडलं. तिने ओरडून सांगितलं. मावशींनी प्लॅस्टिकच्या लांब चिमट्याने दोन मिनिटांत ते काढलं, गाळणीत कोळशाची नवी पिशवी टाकली, दोन बादल्या पाणी बदललं आणि त्या बाईला चहा पाजला. "लगेच कळलं तर काहीच बिघडत नाही," त्या म्हणाल्या. "बिघडतं ते उशिराने."

मावशी आठवीपर्यंत शिकल्या होत्या. विभागात त्या लागल्या त्या फरशी पुसायला. यंत्राची गाळणी धुता धुता त्यांना यंत्र कळायला लागलं. कुठल्या नळीतून काय जातं, कुठला काटा कुठे असला पाहिजे. अकरा वर्षांपूर्वी एका सोमवारी सकाळी त्या मागच्या खोलीत गेल्या तेव्हा पांढऱ्या नळ्यांमध्ये काहीतरी पिवळं चमकलं. रविवारी गळती दुरुस्त करायला प्लंबर आला होता. त्याने प्लॅस्टिकचा जॉइंट मिळाला नाही म्हणून पितळेचा बसवला होता. रोग्यांच्या पाण्याच्या नळीत पितळ चालत नाही. हे त्याला माहीत नव्हतं. मावशींना जहाजवाल्या आजोबांमुळे, म्हणजे टाकीमुळे, माहीत होतं. त्यांनी फडका टाकला आणि मशीन सुरू होऊ दिली नाहीत. पुसणाऱ्या बाईने पाळी अडवली म्हणून बरीच आरडाओरड झाली. पाळी चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाली. महिन्याभराने पाण्याची वही मावशींच्या हातात आली.

तो जॉइंट त्यांनी ठेवून घेतला. अंगठ्याच्या पेराएवढा, आतून आटे असलेला. तो त्यांच्या ॲप्रनच्या वरच्या खिशात असायचा. नवीन प्लंबर आला की त्या तो काढून त्याच्या तळहातावर ठेवायच्या. "हे बघून घे. हे इथे चालत नाही." मीही तो हातात घेऊन बघितला होता. अकरा वर्षं बोटं फिरून तो गुळगुळीत झाला होता. माझं पदवीचं प्रमाणपत्र कपाटात कुठेतरी होतं. मावशींचं खिशात होतं.

त्या बुधवारी आम्ही पोचलो तेव्हा दुपारची पाळी सुरू झाली नव्हती.

बाहेरची खोली भरली होती. कुणी घड्याळाकडे बघत होतं, कुणी मावशींच्या नावाने बोटं मोडत होतं. मी टाकीकडे बघितलं. दोन शंख तळाशी उलटे पडले होते. कोळंब्या दिसत नव्हत्या. आजोबांच्या प्रवाळाने सगळी बोटं आत ओढून घेतली होती. ते ओल्या चामड्याच्या गोळ्यासारखं दिसत होतं. मासे मजेत फिरत होते.

डॉक्टर मॅडम मागच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. "मावशी, सकाळची पाळी नीट झाली ना? मग आता काय?"

"टाकीच्या पाण्यात तांबं निघालंय मॅडम. टाकीचं पाणी आणि यांचं पाणी एकाच यंत्रातून येतं. आधी यांचं बघते."

"शंख मेले म्हणून मी माणसं थांबवू?"

"चाळीस मिनिटं थांबवा."

मावशींनी नळीच्या सुरुवातीचं पाणी घेतलं, मधलं घेतलं, शेवटच्या खुर्चीजवळचं घेतलं. छोट्या काचेच्या नळ्यांत थेंब टाकले. रंगांच्या तक्त्याशी धरून बघितले. मग पुन्हा पहिल्यापासून. सगळ्या नळ्या स्वच्छ, बिनरंगी. शेवटी त्यांनी पांढऱ्या नळ्यांवरून टोकापासून टोकापर्यंत हात फिरवला आणि दारात आल्या.

"पाणी ठीक."

वहीत सही झाली. खुर्च्या भरल्या. मॅडम जाता जाता थांबल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "मावशी, टाकीसाठी मला दर वेळी पाळी थांबवता येणार नाही. शुक्रवारपर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाहीतर टाकी उचला."

मावशींनी मान हलवली. त्या टाकीशी येऊन उभ्या राहिल्या. "काहीतरी आत पडलंय," त्या म्हणाल्या. "आणि कुणी सांगितलं नाही."

मी बाबांजवळ जाऊन बसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांची बोटं रिकामी होती.

बाबांच्या हातात नेहमी एक किल्ली असायची. सायकलच्या कुलपाची, पितळेची. सायकल दोन वर्षांपूर्वी विकली होती. किल्ली राहिली. चार तास ते ती बोटांत फिरवायचे. पाळीआधी ते टाकीजवळच बसायचे, कोपर टाकीच्या कडेवर टेकवून. पंपाच्या वायरीसाठी झाकणाला तिथेच फट होती.

"बाबा, किल्ली कुठाय?"

"असेल कुठेतरी. सायकलच नाही, तर किल्लीची काय घाई?"

मी पाटीकडे बघितलं. ती मला पाठ होती. तरी मी गप्प बसले.

बाबांना दिवसाला पाऊण लिटर पाणी मोजून मिळायचं. बोलण्यातला खट्याळपणा सोडला तर त्यांचं स्वतःचं असं फार काही उरलं नव्हतं. शंख आपल्यामुळे मेले, हे त्यांना कळलं तर ते पहिल्यांदा हसतील आणि मग टाकीकडे पाठ करून बसतील, असं मला वाटलं. हे कारण मला पुरेसं वाटलं. गुरुवारी मी सगळं घर पालथं घातलं. किल्ली नव्हती.

शुक्रवारी मी एकटीच सकाळी दहाला पोचले.

मावशींनी आधीच काम सुरू केलं होतं. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून काठीला लावलं होतं. त्याला एक कागदाची टाचणी आणि झाकणाच्या बिजागरीचा गंजका स्क्रू चिकटून आला होता. "हे नाही," त्या म्हणाल्या. "हे लोखंड. चुंबकाला पितळ कळत नाही. त्याला हातच लागतो." गाळणीतून त्यांनी एक खास स्पंज काढून दाखवला. टाकला तेव्हा पांढरा होता. तांबं शोषून फिकट निळा झाला होता. आणखी दोन शंख गेले होते.

घड्याळ, अंगठी, कानातले, पिना, चष्मा. "आठ." ॲप्रन काढून त्यांनी खुंटीला लावला आणि एकेक दगड बाहेर काढायला लागल्या. प्रत्येक दगड बाजूच्या पिंपात. प्रवाळ दुसऱ्या टबात, नव्या पाण्यात. मी बॅटरी धरून उभी होते. खांद्यापर्यंत हात पाण्यात, गाल काचेला टेकलेला, डोळे मिटलेले. त्या नुसत्या बोटांनी बघत होत्या.

"मावशी."

"हं."

"बाबांची किल्ली हरवलीय. पितळेची आहे. ते इथेच बसतात."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "कधीपासून माहितेय?"

"परवापासून."

त्यांनी हाताखालचा दगड बाजूला सरकवला.

"दोन दिवस," त्या म्हणाल्या. एवढंच. मला वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण पाटीवर त्यांनी तसं लिहिलेलं नव्हतं.

मग त्यांचा हात थांबला. "लागलं," त्या म्हणाल्या. मागच्या कोपऱ्यात, सर्वांत मोठ्या दगडाखाली. हात हळूहळू वर आला. मूठ पाण्याबाहेर आली. मी किल्ली बघायला तयार होते.

त्यांनी मूठ उघडली. हिरवट पापुद्रा धरलेली, अंगठ्याच्या पेराएवढी वस्तू. मधून पोकळ. आतून आटे.

मी बघितलं. मग त्यांच्याकडे बघितलं.

त्या ओल्या हाताने खुंटीपाशी गेल्या. ॲप्रनचा वरचा खिसा चाचपला. मग मागच्या खोलीत जाऊन दुसरा ॲप्रन आणला, त्याचाही खिसा चाचपला. दोन ॲप्रन होते त्यांचे. एक धुवायला गेला की दुसरा. जॉइंट या खिशात नसला, की तो त्या खिशात असणार, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी मागची काच घासली होती. ॲप्रन घालूनच. खाली वाकून. तेव्हापासून दगडाखाली तांबं हळूहळू उतरत असणार.

"घड्याळ मोजलं," मावशी म्हणाल्या. "पिना मोजल्या. हा कधी मोजलाच नाही. हा धातू आहे असं मला वाटतच नव्हतं."

त्या स्टुलावर बसल्या. पहिल्यांदाच मला त्यांचं वय दिसलं.

मग मी जे बोलले ते मला अजून ऐकू येतं. "मावशी, कुणाला कळणार आहे? बाबांची किल्ली सापडली असं सांगू. त्यांना मी समजावते. ते हसण्यावारी नेतील."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "ज्याच्यासाठी दोन दिवस गप्प बसलीस, त्यालाच आता माझ्यासाठी देऊन टाकतेस?"

मी बॅटरी बंद करून पिंपाशेजारी खाली बसले.

"ऊठ. ते झाकण धर. मॅडम वर जायच्या आत गाठायचंय."

त्यांनी वस्तू अंगावर चढवल्या. "आठ," म्हणाल्या. जॉइंट मुठीतच होता. त्या दारापर्यंत गेल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "नऊ."

मॅडमच्या खोलीत त्यांनी तो टेबलावर ठेवला. हिरव्या पापुद्र्याचं थोडं पाणी कागदावर उतरलं.

"कारण सापडलं मॅडम. माझंच पितळ उघडं पडलं."

मॅडम तो जॉइंट ओळखत होत्या. त्यांनीही तो हातावर घेतलेला होता कधीतरी. त्यांनी तो पेनाने उलटा करून बघितला. मग त्यांचा चेहरा सैल झाला. "होतं मावशी. पडतं खिशातून. मला वाटलं, कुठे नळीत काही निघालं की काय."

इथे संपलं असतं. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वासही घेतला.

"टाकीचं नाही म्हणत मी," मावशी म्हणाल्या. "सकाळी पाणी मी एकटी बघते. सही मी एकटी करते. जिला खिशातलं पितळ तीन आठवडे आठवलं नाही, तिच्या एकटीच्या सहीवर बारा माणसं मशीनला लावू नका."

"अकरा वर्षांत तुमची एक चूक नाही."

"तेच सांगतेय. अकरा वर्षांत मला कुणी तपासलंच नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "वही काढून घ्यायची तुमच्याकडून?"

"ते तुम्ही ठरवा. राहिली तर दुसरी सही हवी. माझ्यानंतर कुणीतरी पुन्हा तपासायचं. माझा आकडा न बघता."

त्यांचे हात पदराआड नव्हते, मागे नव्हते. समोर, टेबलाच्या कडेवर ठेवलेले होते. ती वही म्हणजे काय होतं, हे मला माहीत होतं. फरशी आणि वही यांच्यामधली अकरा वर्षं होती ती. ती त्यांनी स्वतःहून टेबलावर ठेवली होती, आणि कुणी मागितली नव्हती. मी पाच वर्षं पुस्तकांतली माणसं वाचली, त्यांच्यावर पानंच्या पानं लिहिली. त्या खोलीत मला एक शब्द सुचला नाही.

"आणि टाकी?" मॅडमनी विचारलं.

"आज शुक्रवार आहे. कारण सापडलंय. पण दगडांनी तांबं पिऊन ठेवलंय. ते महिनोन् महिने ओकत राहतील. दगड टाकून द्यावे लागतील. प्रवाळ टबात ठेवलंय. जगेल का, माहीत नाही. उचला म्हणालात तर उचलते."

"आधी सहीचं बघू," मॅडम म्हणाल्या. "टाकीचं नंतर."

टाकीचं नंतर कुणी काही बोललं नाही. म्हणून ती राहिली.

किल्ली रविवारी सापडली. बाबांच्या चष्म्याच्या जुन्या डबीत. मी त्यांना सगळं सांगितलं.

"म्हणजे दोन दिवस तू मला खुनी समजत होतीस," ते म्हणाले, "आणि चहाही अर्धा कप देत होतीस."

"तो रोजच अर्धा असतो बाबा."

"हो, पण ते दोन दिवस तो तुरुंगातला वाटत होता."

मग त्यांनी किल्ली डबीतून उचलली. म्हणाले, "माझं नाव पुढे केलंस ते मला नाही लागलं. आधी गप्प बसलीस ते लागलं. मला सांगितलं असतंस तर मीच गेलो असतो मावशींकडे." पुढच्या सोमवारी त्यांनी किल्ली घरी ठेवली.

वही मावशींकडेच राहिली. सहीसाठी दुसरा रकाना आखला गेला. दुसरी सही एका तरुण नर्सची. पहिल्या दिवशी तिला फार अवघड झालं. मावशींनी शिकवलेलीच मुलगी ती. "तुम्ही बघितलंय ना मावशी, मग बसच," ती म्हणाली. मावशी दार अडवून उभ्या राहिल्या. तिने थेंब टाकले, तक्ता धरला, लिहिलं. मगच त्या बाजूला झाल्या. दोन आठवड्यांनी तीच मुलगी मावशींना म्हणताना मी ऐकलं, "तिसरी नळी पुन्हा दाखवा. मला रंग नीट दिसला नाही." मावशींनी निमूटपणे दाखवली. रंग नव्हताच. पण त्या दिवशी त्या खुशीत होत्या.

जॉइंट आता मागच्या खोलीत भिंतीवर, नायलॉनच्या दोरीने खिळ्याला बांधलेला असतो. नवीन प्लंबरला तिथे नेऊन दाखवतात. आता गोष्ट लांबली आहे. "हे नळीत चालत नाही. आणि हे माझ्या खिशातही चालत नाही."

प्रवाळ टबात दहा आठवडे होतं. त्याची एक बाजू काळी पडली आणि झडली. मावशींनी ती ब्लेडने कापून टाकली. उरलेलं, बटव्याएवढं, नव्या दगडाला बांधून परवा त्यांनी टाकीत परत नेलं. स्पंज आठवडाभर पांढराच राहिला होता. पाळी सुरू व्हायला अवकाश होता. बाबा कडेवर कोपर न टेकवता, हात मांडीवर ठेवून बसले होते.

मावशींनी घड्याळ काढलं. अंगठी, कानातले, पिना, चष्मा. "आठ."

मग त्या माझ्याकडे वळल्या. ॲप्रनचा वरचा खिसा त्यांनी आतून बाहेर काढला. पांढरं, सुरकुतलेलं कापड. कोपऱ्यात धाग्यांचा थोडा गुंता.

"मी बघितलाय," त्या म्हणाल्या. "तू बघ."

मी त्यावरून बोट फिरवून बघितलं.

"बोल की एम. ए. मोठ्याने."

"रिकामा," मी म्हणाले.

मग त्यांनी पाण्यात हात घातला.